मूत्राशयाच्या कर्करोगाचा मागोवा

लघवींतून रक्त जाणें हें लक्षण वैद्यांना फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आपल्या आयुर्वेदांतहि रक्तमेह हें नांव आढळतें. परंतु लक्षण ओळखणें निराळें आणि त्याचें मूळ डोळ्यांनीं पाहणें निराळें. मूत्राशयाच्या कर्करोगांत पुष्कळदां असें घडतें कीं, रोग्यास दुखत नाहीं, खुपत नाहीं. एके दिवशीं अचानक लघवी तांबडी होते, दोन दिवसांनीं आपोआप निवळते, आणि मग महिना-दोन महिने सारें यथास्थित चालतें. घरचीं माणसें उन्हाळी लागली असें समजून धने-जिऱ्याचें पाणी देतात. रक्त थांबलें म्हणजे रोग गेला अशी सर्वांची समजूत होते. रोग मात्र आंत वाढत असतो. हा रोग मनुष्यानें प्रथम कसा पाहिला, तो कोठून येतो हें कसें कळलें, आणि कळल्यावरहि त्याला पायबंद घालण्यास अर्धें शतक कां लागलें, ही हकीकत घरोघर माहीत असावी इतक्या मोलाची आहे.

मूत्राशय म्हणजे ओटीपोटांत हाडांच्या मागें दडलेली पिशवी. तिच्यांत शिरण्याची नैसर्गिक वाट एकच, आणि तीहि अतिशय अरुंद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनमधील सर हेन्री थॉम्प्सन हे या अवयवाचे सर्वांत नाणावलेले शस्त्रवैद्य होते. बेल्जमचा राजा लिओपोल्ड आणि फ्रान्सचा पदच्युत बादशहा तिसरा नेपोलियन यांच्या मूत्राशयांतील खडे फोडण्यास त्यांनाच पाचारण झालें होतें. अशा थोर शस्त्रवैद्यालाहि मूत्राशयांत गांठ आहे कीं नाहीं हें ठरवावयाचें झाल्यास खालच्या बाजूनें छेद घेऊन, त्यांतून बोट आंत घालून चांचपून पाहावें लागे. निदान जें काय व्हावयाचें तें त्या बोटाच्या अग्रावर.

शरीराच्या आंत उजेड नेण्याचा प्रयत्न त्यापूर्वींच सुरू झाला होता. फ्रँकफुर्टचा डॉक्टर फिलिप बोझिनी यानें १८०६ च्या सुमारास एका पेटींत मेणबत्ती व आरसा बसवून तिला निरनिराळ्या नळ्या जोडल्या. व्हिएन्नाच्या वैद्यक-पंडितांनीं त्याच्या या उपकरणाकडे पाठ फिरविली, आणि तीन वर्षांनीं हा तरुण डॉक्टर साथीच्या ज्वरानें मरण पावला. वय अवघें ३५. पुढें १८५३ सालीं पॅरिसच्या देसोर्मो यानें मद्यार्क व टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा वापरला. परंतु या सर्व उपकरणांत एक मूळचीच खोड होती. दिवा शरीराच्या बाहेर आणि पाहावयाची जागा आंत. लांब अरुंद नळींतून जाईपर्यंत उजेडाचा बहुतेक भाग वाटेंतच नाहींसा होई.

ही खोड माक्स निट्झे या जर्मन डॉक्टरानें ओळखली. खोली पाहावयाची असेल तर दिवा ओटीवर ठेवून भागत नाहीं, तो खोलींत न्यावा लागतो, हा तसा अगदीं घरगुती विचार. पण तो अमलांत आणणें सोपें नव्हतें. विजेचा घरगुती दिवा तेव्हां जन्मास यावयाचा होता. निट्झेनें प्लॅटिनमच्या तारेंतून वीज सोडून ती पांढरी होईपर्यंत तापविली, आणि तिच्या आंचेनें मूत्राशय भाजूं नये म्हणून तिच्याभोंवतीं थंड पाण्याचा प्रवाह सतत खेळता ठेवला. नळींत भिंगें अशा रीतीनें बसविलीं कीं, आंतील मोठा भाग एकदम दृष्टीस पडावा. १८७७ सालीं ड्रेस्डेन येथें त्यानें हें उपकरण प्रेतावर वापरून दाखविलें. मग व्हिएन्नाचा कुशल कारागीर योझेफ लायटर याच्या साह्यानें तें सुधारून १८७९ सालीं त्या शहरांतील वैद्यांपुढें मांडलें. (पुढें श्रेयावरून या दोघांचें बिनसलें. कल्पना एकाची व हात दुसऱ्याचा असला म्हणजे असें बहुधा होतेंच.) एडिसनच्या दिव्याचा अगदीं लहान अवतार निघाला, तेव्हां १८८७ च्या सुमारास पाण्याचा तो खटाटोपहि संपला. १८९४ सालीं निट्झेनें मूत्राशयाच्या आंतील छायाचित्रांचा संग्रहच प्रसिद्ध केला. वाहत्या पाण्यांत शेवाळ डोलावें तशा डोलणाऱ्या त्या गांठी जिवंत माणसाच्या शरीरांत प्रथमच पाहावयास मिळाल्या.

पाहतां आलें म्हणजे काढतांहि यावें, ही पुढची पायरी. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य एड्विन बीअर यांनीं १९१० सालीं याच नळींतून बारीक तार आंत नेली आणि विजेच्या जलद कंपनांच्या प्रवाहानें गांठी जाळून टाकल्या. पोट न फाडतां अर्बुद नाहींसें करण्याची वाट यामुळें खुली झाली. उपकरणें तर पुढें सुधारतच गेलीं. १९५४ सालीं लंडनमध्यें हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबांतून तेथें गेलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं कांचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यांतून प्रतिमा नेऊन दाखविली, आणि अशाच तंतूंमुळें कालांतरानें तापणारा दिवा शरीरांत नेण्याचीहि गरज उरली नाहीं. पापानिकोलाऊ व मार्शल यांनीं १९४५ सालीं लघवींतून गळून पडणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून रोग ओळखण्याची रीत दाखविली. पण बीअरच्या काळापासून एक गोष्ट सर्वांच्या ध्यानांत येऊं लागली होती. गांठ जाळली तरी सहा महिन्यांनीं, वर्षानें, दुसऱ्या जागीं नवी गांठ उगवे. एक उपटावें तों शेजारीं दुसरें, असा हा लव्हाळ्याचा प्रकार होता.

मग हें बीं पेरतो तरी कोण? त्याचें उत्तर शोधण्यासाठीं दवाखाना सोडून रंगाच्या कारखान्यांत शिरलें पाहिजे.

१८५६ सालीं विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा लंडनचा विद्यार्थी कोयनेल कृत्रिम रीतीनें बनवितां येतें काय हें पाहत होता. कोयनेल तर झालें नाहींच, पण भांड्यांत जांभळा रंग मिळाला. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या ॲनिलीन नांवाच्या द्रव्यापासून तो झाला होता. तीन-चार वर्षांत किरमिजी छटेचा फुक्सिन अथवा मॅजेंटा हा रंग निघाला, आणि ऱ्हाईन व माइन नद्यांच्या कांठीं प्रचंड कारखाने उभे राहिले. या रंगांनीं आमच्या देशांतील मंजिष्ठ, कुसुंबा व नीळ यांचा व्यापार कसा बुडविला हें सुविदितच आहे. त्या रंगांपायीं खुद्द जर्मनीच्या कामगारांचें काय झालें, हें मात्र फारसें कोणास ठाऊक नसतें.

फ्रँकफुर्टला लुडविग रेन नांवाचे शस्त्रवैद्य होते. मनुष्याच्या हृदयास पडलेली जखम टांके घालून यशस्वी रीतीनें शिवणारे पहिले शस्त्रवैद्य म्हणून त्यांचें नांव वैद्यकांत अजरामर आहे. ती गोष्ट १८९६ ची. त्याच्या आदल्या वर्षीं, १८९५ सालीं, जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेपुढें त्यांनीं एक छोटासा निबंध वाचला. मूत्राशयांत अर्बुद झालेले तीन रोगी त्यांच्या पाहण्यांत आले होते, आणि ते तिघेहि फुक्सिन बनविणाऱ्या कारखान्यांतील होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनें रेन यांस कीर्ति दिली. पण या तीन रोग्यांस तुम्ही काम काय करतां हा प्रश्न विचारून त्यांनीं जें केलें तें त्याहून लहान मानण्याचें कारण नाहीं. शेजारच्या किती डॉक्टरांनीं असेच रोगी तपासले असतील, आणि वहींत केवळ नांव व वय लिहून ठेवलें असेल!

आक्षेप घेणारे अर्थात् निघालेच. असा रोग शिंप्याला होतो, वाण्यालाहि होतो. तीन रोग्यांवरून काय सिद्ध होणार? शिवाय रेन यांनीं दोष ॲनिलीनकडे दिला होता, आणि ॲनिलीन हाताळूनहि धडधाकट असलेले लोक दाखवितां येत होते. खरा अपराधी कोणता हें ओळखणें कठीण होतें, कारण एकाच छपराखालीं दहा द्रव्यें शिजत, आणि कामगार आज या कढईवर तर उद्यां त्या. त्यांतून विष अंगीं लागल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षें जात. तोंपर्यंत कामगार नोकरी सोडून गांवीं गेलेला असे, आणि त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारखान्याचें नांव कोण लिहिणार? तरी रोग्यांची संख्या वाढतच गेली. १९२१ सालीं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कचेरीनें या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला व बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन या दोन द्रव्यांवर बोट ठेवलें. सावधगिरीचे उपायहि त्यांत सुचविले होते. अहवाल छापला गेला, वांचला गेला, आणि कारखाने चालू राहिले.

पहिल्या महायुद्धांत जर्मन रंग मिळेनासे झाले तेव्हां अमेरिकेनें स्वतःचे रंग करण्यास आरंभ केला. ड्यूपाँ कंपनीच्या न्यूजर्सींतील कारखान्यांत हींच द्रव्यें तयार होऊं लागलीं, आणि सुमारें पंधरा वर्षांनीं तेथेंहि मूत्राशयाचे रोगी दिसूं लागले. कंपनीनें १९३४ सालीं विल्हेल्म ह्यूपर या जर्मनींतून आलेल्या विकृतिशास्त्रज्ञास आपल्या प्रयोगशाळेंत नेमलें. ह्यूपरनें आपल्या आठवणींत एक प्रसंग लिहून ठेवला आहे. तो बीटा-नॅफ्थिलअमाइनचा विभाग पाहावयास गेला असतां सर्व जागा लखलखीत. त्यानें मागें राहून मुकादमापाशीं आश्चर्य व्यक्त केलें, तेव्हां तो सरळमार्गी मनुष्य म्हणाला कीं, तुम्ही येणार म्हणून आम्ही रात्रभर घासपूस करीत होतों. शाळातपासणीच्या आदल्या दिवशीं भिंतींना चुना कसा लागतो हें ज्यांना माहीत आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. ह्यूपरनें लगेच न ठरविलेल्या दुसऱ्या विभागाकडे, बेंझिडिनकडे, मोर्चा वळविला. तेथें रस्त्यावर, खिडक्यांच्या फळ्यांवर, जमिनीवर सर्वत्र पांढरी भुकटी पसरलेली होती. त्यानें हें वरिष्ठांस लिहून कळविलें. उत्तर आलें नाहीं. त्या दोन विभागांचें दर्शन मात्र त्यास पुन्हा कधीं घडलें नाहीं.

तरीहि ह्यूपरनें एक मोलाचें काम केलें. या द्रव्यांनीं उंदीर-सशांच्या मूत्राशयांत कांहीं केल्या अर्बुद होत नसे, आणि हाच कारखानदारांचा भक्कम आधार होता. ह्यूपरनें कुत्र्यांची निवड केली व त्यांना दीर्घकाळ बीटा-नॅफ्थिलअमाइन दिलें. बहुतेक कुत्र्यांच्या मूत्राशयांत माणसांप्रमाणेंच गांठी उठल्या. निष्कर्ष १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां ह्यूपर त्या कंपनींत उरला नव्हता. आणि तें द्रव्य तेथें तयार होण्याचें थांबलें १९५५ सालीं. म्हणजे कुत्र्यांनीं साक्ष दिल्यावरहि सतरा वर्षें माणसें त्या भुकटींत काम करीत होतीं.

शेवटचा निवाडा झाला तो प्रयोगशाळेंत नव्हे, तर जुन्या हजेरीपटांवर. इंग्लंडांतील रासायनिक कारखानदारांच्या संघानें १९४८ सालीं डॉक्टर रॉबर्ट केस यांच्याकडे हा प्रश्न सोंपविला; कारखानदारांनींच खर्च करून आपल्याविरुद्धचा पुरावा गोळा करविला, हें त्यांच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. केस व त्यांचे सहकारी यांनीं १९२० पासूनचे हजेरीपट काढून चार हजारांहून अधिक कामगारांची यादी केली. कोण कोणत्या द्रव्यावर किती महिने होता हें लिहिलें, आणि मृत्यूच्या दाखल्यांशीं तीं नांवें ताडून पाहिलीं. मग त्यांनीं साधा हिशेब मांडला. इतक्याच वयाच्या इतक्याच सामान्य इंग्रज पुरुषांत या रोगानें किती मृत्यु व्हावयास हवे होते, आणि प्रत्यक्षांत किती झाले? केवळ बीटा-नॅफ्थिलअमाइनवर काम केलेल्यांत ०.३ म्हणजे एक पुरता मृत्युहि अपेक्षित नव्हता; दाखले निघाले २६. ॲनिलीनवर काम केलेल्यांत मात्र विशेष फरक दिसला नाहीं. रेन यांचा संशय कारखान्यावर होता तो खरा ठरला. ॲनिलीनवरचा आरोप उडाला. हें १९५४ सालीं प्रसिद्ध झालें.

केस यांच्या कामांत एक अनपेक्षित प्रकार घडला. तुलनेसाठीं, जेथें रंगाचे कारखाने नाहींत असें शहर म्हणून त्यांनीं बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांतील नोंदी चाळल्या, तों तेथेंहि मूत्राशयाचे रोगी वाजवीपेक्षां अधिक! चौकशीअंतीं कळलें कीं, ते रबराच्या कारखान्यांतील होते. रबर लवकर कुजूं नये म्हणून त्यांत जें द्रव्य मिसळीत, त्यांत बीटा-नॅफ्थिलअमाइनचा अंश होता. १९४९ सालीं तें मिश्रण मागें घेण्यांत आलें, पण ज्यांनीं तें आधीं हाताळलें होतें ते कामगार त्यानंतरहि अनेक वर्षें रोगास बळी पडत राहिले. इंग्लंडांत १९५३ सालीं हा रोग कारखान्यांतील धंद्याचा रोग म्हणून भरपाईस पात्र ठरला, आणि १९६७ सालीं या द्रव्यांवर कायद्यानें बंदी आली. रेन यांचा निबंध वाचून झाल्यास तेव्हां ७२ वर्षें झालीं होतीं.

हें विष नेमकें मूत्राशयासच कां बाधतें, याचा उलगडा सावकाश झाला. श्वासावाटे वा कातडींतून हीं द्रव्यें रक्तांत शिरलीं कीं, यकृत त्यांचें रूप पालटून त्यांस साखरेच्या जातीच्या एका आम्लाशीं जखडून टाकतें व मूत्रावाटे हांकलून देतें. पण मूत्र तासन्‌तास पिशवींत सांचून राहतें, आणि आम्ल मूत्रांत ती गांठ सुटून विष पुन्हा मोकळें होतें. बहुतेक प्राण्यांच्या शरीरांत अशा विषास बोथट करण्याची आणखी एक युक्ति असते. कुत्र्यांत ती नसते, म्हणून तेवढ्यांनाच रोग झाला. या संशोधनांत पुढें एक धागा आमच्या देशांतूनहि गेला. युरोपांत दारें बंद झाल्यावर बेंझिडिनचे रंग भारतांतील लहान कारखान्यांत होत राहिले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेनें परदेशी शास्त्रज्ञांसह तेथील कामगार तपासले, आणि मूत्र जितकें आम्ल तितकी पेशींना पोंचलेली इजा अधिक, असें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत दिसून आलें. या रंगांवर आमच्याकडे बंदी आली ती १९९० नंतरच्या दशकांत.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञांनीं सिगारेटच्या धुराचें पृथक्करण केलें. त्यांत बीटा-नॅफ्थिलअमाइन सांपडलें. कारखान्याच्या फाटकांतून घालवून दिलेलें द्रव्य खिशांतल्या पाकिटांतून परत आलें होतें. किंबहुना तें तेथें पूर्वींपासूनच होतें. पाश्चात्त्य देशांत आज या रोगाच्या जवळजवळ निम्म्या रोग्यांचें कारण तंबाखूचा धूर हेंच समजलें जातें.

आतां लव्हाळ्यासारख्या पुन्हा उगवणाऱ्या त्या गांठींकडे वळूं. त्यांवर जो इलाज सांपडला त्याची खूण श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या दंडावर आहे. क्षयाविरुद्धची बी. सी. जी. लस फ्रान्समधील काल्मेत व गेरँ या दोघांनीं केली. गाईच्या क्षयाचा जंतु त्यांनीं १९०८ पासून १९२१ पर्यंत पित्त घातलेल्या बटाट्यावर २३० वेळां वाढविला, तेव्हां कोठें त्याचा दंश गेला. आमच्याकडे मद्रासच्या गिंडी येथें १९४८ सालीं ही लस तयार होऊं लागली. क्षयी माणसास कर्करोग कमी होतो कीं काय, असा प्रश्न बाल्टिमोरच्या रेमंड पर्ल यांनीं १९२९ सालीं शवविच्छेदनाच्या नोंदींवरून उपस्थित केला होता, पण त्यांच्या गणितांत दोष निघाले व विषय मागें पडला. १९५९ सालीं लॉइड ओल्ड यांनीं बी. सी. जी. टोंचलेल्या उंदरांत अर्बुदें नीट मूळ धरीत नाहींत असें दाखविलें, तेव्हां तो पुन्हा वर आला.

कॅनडांत किंग्स्टन येथील डॉक्टर अल्व्हारो मोरालेस यांनीं ही लस सरळ मूत्राशयांतच सोडून पाहिली. १९७६ सालीं त्यांनीं अवघ्या ९ रोग्यांची हकीकत छापली. उपचारापूर्वीं या रोग्यांचे महिने एकत्र मिळवून ७७ होत, व तेवढ्या अवधींत गांठी २२ वेळां परत आल्या होत्या; उपचारानंतरच्या ४१ महिन्यांत एकदांच आली. जंतु मूत्राशयाच्या अस्तरास चिकटतात, शरीराचे रक्षक तेथें गोळा होतात, आणि त्या धुमश्चक्रींत कर्कपेशीहि मारल्या जातात. अर्थात् रोग स्नायूंत खोल शिरल्यावर ही लस पुरी पडत नाहीं. मग बहुधा मूत्राशयच काढावें लागतें. शिवाय जिवंत जंतु तो जिवंत जंतु. क्वचित् त्याचाच उपद्रव होतो. परंतु वरच्या थरांतील उग्र रोगावर याहून सरस औषध पुढील कित्येक दशकांत निघालें नाहीं. अमेरिकेच्या सरकारनें १९९० सालीं या उपचारास मान्यता दिली.

आठवड्यास एक याप्रमाणें सहा आठवडे, असा त्याचा क्रम जगभर चालतो. सहाच कां, याचें कारण मौजेचें आहे. मोरालेस यांच्याकडे येणारी लस सहा कुप्यांच्या पेटींत येत असे, आणि तिचा त्रास आठवड्याच्या आंत ओसरे. म्हणून सहा आठवडे. नंतर पुष्कळांनीं हा क्रम बदलून पाहिला, पण आरंभाचे सहा आठवडे कायम राहिले.

ही लस करणारे कारखाने जगांत थोडे; जंतु सावकाश वाढतो आणि नफा बेताचा. २०१२ सालीं टोरांटोच्या कारखान्यांत पाणी शिरून काम बंद पडलें, आणि पुढें त्या कंपनीनें ही लस करणेंच सोडलें. तुटवड्याच्या काळांत कित्येक ठिकाणीं एक कुपी तीन रोग्यांत वांटून देण्याची पाळी आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें मॉस्को वाणाच्या जंतूपासून मूत्राशयाच्या कर्करोगासाठीं ही लस तयार होते, आणि ज्या कॅनडांत या उपचाराचा जन्म झाला तेथेंहि ती जाते.